३१ मार्चला शून्य: छतावरच्या ३ किलोवॉट सोलरचं नागपुरातलं एक वर्ष

एप्रिलचं बिल हातात आलं तेव्हा मी सगळ्यात आधी जमा युनिटचा रकाना पाहिला. तिथे शून्य होतं. त्याआधीच्या बिलात त्याच जागी ९६० होते. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत एकेक करून साठवलेले ते युनिट होते. रोज संध्याकाळी मीटरसमोर उभं राहून मी आयात (कंपनीकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (कंपनीला दिलेली वीज) वहीत उतरवतो, त्यामुळे हा आकडा मला बिलाआधीच पाठ होता.

सिस्टीमचा तपशील थोडक्यात सांगतो. ३ किलोवॉट, अनुदानाला लागतात ते देशी सेलचे पॅनल, साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरी नसलेला, कंपनीच्या तारांना जोडलेला. एकूण खर्च १ लाख ९८ हजार, पीएम सूर्यघर योजनेचे ७८ हजार परत आले, म्हणजे खिशातून १ लाख २० हजार गेले. घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा नेट मीटर जुलै २०२४ मध्ये लागला. जुलै २०२५ ला बारा महिने पूर्ण झाले, तेव्हा पूर्ण वर्षाच्या आकड्यांवरच बोलतो.

उत्पादन वर्षभरात ४०४० युनिट झालं. घरचा वापर ३७३० युनिट. म्हणजे आम्ही खर्च केली त्याहून ३१० युनिट जास्त वीज छतानं दिली. वर्षाचा हिशेब एकत्र केला तर आमचं बिल फक्त स्थिर आकाराचं, म्हणजे वापर कितीही असो दर महिन्याला द्याव्या लागणाऱ्या रकमेचं, यायला हवं. आलं नाही. एप्रिलला अकराशे, मे महिन्यात दोन हजार सातशे, जूनला सोळाशे. शेजारच्या काकूंनी गेटवरच विचारलं, "काहून भाऊ, तुमचं बिल तं शून्य येणार होतं ना?" मी त्यांना ३१ मार्च समजावून सांगत बसलो. तेच इथे सविस्तर लिहितो, कारण पॅनल विकायला येणारा कुणीही ही तारीख सांगत नाही.

नियम असा आहे. महिन्यात तुम्ही घेतलेल्या विजेपेक्षा जास्त दिलीत, तर जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. पण ते आर्थिक वर्षापुरतेच. ३१ मार्चला जे शिल्लक राहील ते वीज कंपनी नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला तुमचं खातं शून्यापासून सुरू होतं.

आता नागपूरचं वर्ष डोळ्यासमोर आणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ, ऊन भरपूर, पंखासुद्धा बंद. आमचा वापर महिन्याला १६५ ते १८० युनिट आणि उत्पादन ३४० ते ३७०. जमा होते ती याच महिन्यांत. मग होळी होते. कूलर माळ्यावरून खाली येतो, ताट्या बदलल्या जातात, पंप तपासला जातो. एप्रिलला दोन कूलर आणि रात्री एसी. वापर ५२० वर गेला, मे महिन्यात ६४०, जूनला ४८०. ज्या शहरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे हा वापर चैनीचा नाही. घरात ऐंशीच्या पुढची आई असेल तर मुळीच नाही.

म्हणजे साठवणीचे दिवस संपतात आणि गरजेचे दिवस सुरू होतात, नेमक्या त्या उंबरठ्यावर कोठार रिकामं केलं जातं. एप्रिल, मे आणि जून मिळून मला ५२५ युनिट कमी पडले. जमा होते ९६०.

त्या ९६० युनिटचे मला अडीच हजारांच्या आसपास मिळाले, म्हणजे युनिटला तीन रुपयांच्या आत. तेच युनिट २०२५ च्या उन्हाळ्यात परत घेताना पहिल्या शंभराला ४.७१, पुढच्या दोनशेला १०.२९, प्रत्येकावर १.१७ वहन आकार (तारांवरून वीज आणण्याचा) आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क मोजावं लागलं. निव्वळ फटका तीन हजारांपर्यंत जातो. रक्कम छोटी आहे हे मला कळतं. पण आमच्या घरात रिकाम्या खोलीतला दिवा कधी जळत राहिला नाही, आणि ते ९६० युनिट त्या सवयीतून साठलेले होते.

इथवरच्या मजकुराचा पहिला खर्डा मी मे महिन्यात लिहिला होता, त्यानंतरचे आकडे मागाहून घातले. पुढे "ही लूट आहे" असं वाक्य होतं. ते आता काढलं आहे. का, ते सांगतो.

अंबाझरीला सकाळी फिरायला एक काका येतात. कुठे किती वीज सोडायची ते सांभाळणाऱ्या तिथल्याच लोड डिस्पॅच केंद्रातून निवृत्त झालेले. माझी वही त्यांना दाखवली. त्यांनी ती शांतपणे उलटली आणि म्हणाले, "बापा, दुपारी बाराला तू दिलेला युनिट कोणी डब्यात भरून ठेवत नाही. तो त्याच क्षणी शेजारच्या घरात जळतो. रात्री दहाला तू मागतो, तो दुसराच असतो. कोळशाचा."

मग त्यांनी बाजार समजावला. वीज एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाचा भाव वेगळा निघतो. देशभर सोलर वाढल्यापासून दुपारचा भाव खाली बसतो. सूर्य मावळला की दिवे, एसी, टीव्ही एकदम सुरू होतात, सोलर शून्यावर येतं, आणि टंचाईच्या दिवसांत भाव चढत चढत युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. एप्रिल २०२३ पर्यंत ही मर्यादा १२ होती. संध्याकाळची ही खिंड लढवायला कोळशाचे संच दुपारी मंद आचेवर चालू ठेवावे लागतात, कारण औष्णिक संच दिव्याच्या बटणासारखा लावता-विझवता येत नाही. तो खर्च कुठेतरी भरावाच लागतो.

मी दोन दिवस यावर विचार केला. मी दुपारचा स्वस्त युनिट देतो आणि रात्रीचा महाग युनिट त्याच्या बदल्यात एकास एक घेतो. ज्वारी देऊन बासमती घेण्यासारखंच हे आहे. त्याच महिन्यात अशी अदलाबदल होऊ देणं हीच मोठी सवलत आहे, आणि तिचा फायदा मी वर्षभर घेतला. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकालासुद्धा सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत आली. दुपारची वीज स्वस्त आहे हे आता दरपत्रकातच लिहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. सोलर नसताना मे महिन्यात दहा हजारांवर बिल भरणारा आमच्यासारखा ग्राहक हा वीज व्यवस्थेला पोसणारा ग्राहक असतो. वरच्या स्लॅबचा (जास्त वापराच्या टप्प्याचा), दुकानांचा आणि कारखान्यांचा चढा दर खालच्या स्लॅबची आणि शेतीची तूट भरतो. २००३ च्या वीज कायद्यात ही क्रॉस सबसिडी हळूहळू कमी करायचं लिहिलं आहे, पण राजकारणात ती कमी करणं कुणालाच परवडत नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज आहे. पैसे सरकार भरतं, म्हणजे शेवटी आपणच. शेतकऱ्याला वीज मिळावी याबद्दल माझी तक्रार नाही, माझे सासरे काटोलकडे संत्र्याची बाग सांभाळतात. पण छत असलेले, एक लाख वीस हजार बाजूला काढू शकणारे आमच्यासारखे लोक वरच्या स्लॅबमधून निघून गेले, की तारा, खांब आणि रोहित्रांचा खर्च मागे राहिलेल्यांवर पडतो. मागे राहतात ते भाड्याने राहणारे, फ्लॅटवाले, ज्यांच्या डोक्यावर स्वतःचं छत नाही ते. हे मला मान्य करावंच लागलं. म्हणूनच स्थिर आकार वाढला तर मी ओरडणार नाही.

तरीही तारखेचा मुद्दा उभाच राहतो. काकांनाही मी हेच विचारलं: दुपार आणि रात्र यांतला फरक तर एका दिवसातही असतो, तो मान्य करून एकास एक अदलाबदल दिली आहे. मग मार्चचा युनिट एप्रिलला का चालू नये? हिवाळ्यात रब्बीचे पंप चालतात, त्यामुळे त्या दिवसांतली दुपारची वीज कुणाला नको असते असंही नाही. काका म्हणाले, "तारखेमागे विजेचं कारण नाही. हिशेबाचं आहे." आर्थिक वर्ष संपतं म्हणून खातं संपतं, एवढंच.

मग ते खातं ३० सप्टेंबरला मिटवा, ही माझी मागणी आहे. आमच्या आकड्यांवर करून पाहा. ऑक्टोबर ते मार्च ९६० जमा. एप्रिल ते जून ५२५ खर्च, ४३५ उरले. जुलै ते सप्टेंबर ढगांमुळे आणखी १२५ कमी पडतात, ३१० उरले. ते ३१० कंपनीने तीन रुपयांच्या आत घ्यावेत, माझी हरकत नाही. ती खरोखरची जास्तीची वीज आहे. ज्याने गरजेपेक्षा मोठी सिस्टीम लावून धंदा करायचा विचार केला, त्यालाही मोकळीक मिळणार नाही.

हे मी नागपूरकर म्हणून जास्त पोटतिडकीने लिहितो आहे. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचे ६६० मेगावॉटचे तीन संच, खापरखेड्याचे १३४०, मौद्याचे २३२० मेगावॉट, आणि त्यांना लागणारा कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालयही इथलंच. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा, कोराडी केंद्राच्या राखेचा बंधारा फुटला, तेव्हा राख इथल्याच शेतांत आणि नाल्यांत गेली. कोराडीत आणखी दोन संच उभारायचं ठरलं आहे. राज्याला वीज पुरवताना या मातीनं जे सोसलं त्याचा वेगळा दर आम्हाला कधी मिळाला नाही, मागितला तरी मिळणार नाही. पण इथल्या ऋतूंना जुळणारी एक तारीख मागणं जास्त नाही. कूलर कधी निघतो हे ज्याला माहीत आहे, त्याने हा नियम ३१ मार्चला बांधला नसता.

आता यंत्राबद्दल, कारण विचारणारे तेच विचारतात.

मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळेल असं धरून चालू नका. पॅनलची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते, त्यावर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, आणि आपल्या मेमध्ये काच हात लावू देत नाही. आमचा सर्वोत्तम महिना मार्च, ४१० युनिट. मे ३९५. पावसाळ्यात ऑगस्टला २२५.

लाईन गेली की भर दुपारीसुद्धा घरात अंधार. दुरुस्ती करणाऱ्या लाईनमनला उलट्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतः बंद होतो. हे बरोबर आहे, पण विकणाऱ्याने आधी सांगायला हवं.

मधे एकदा इन्व्हर्टर नऊ दिवस बंद होता. ज्यांनी बसवला ते "डोंगलचा (ॲपला आकडे पाठवणाऱ्या जोडणीचा) प्रॉब्लेम आहे, उत्पादन चालू आहे" असं फोनवर सांगत राहिले. मी वहीतले निर्यातीचे आकडे पाठवले तेव्हा माणूस आला आणि आतला कार्ड बदलून गेला. वॉरंटीत झालं, पण नऊ दिवसांचं ऊन गेलं. ॲपवर विसंबू नका, मीटर वाचा.

पॅनल सूर्योदयाआधी धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीही टाकू नका. बोअरचं पाणी असेल तर पांढरे डाग राहतात, शेवटचा हात नळाच्या पाण्याचा फिरवा.

पैशाचं विचाराल तर आधीच्या वर्षी बारा बिलं मिळून ४७ हजारांच्या वर गेली होती. या वर्षी, मिळालेले अडीच हजार वजा करता, पाच हजारांच्या थोडं वर. तीन वर्षांच्या आत रक्कम वसूल होते. ३१ मार्चचा फटका धरूनही मी पुन्हा हेच लावेन, आणि ज्याचं स्वतःचं छत आहे त्याला लाव म्हणेन. फक्त हिवाळ्यातल्या शिल्लक युनिटवर उन्हाळा निघेल, या हिशेबावर किलोवॉट ठरवू नका.

आमच्याकडे सवयी बदलल्या. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, मिक्सरचं काम आता अकरा ते तीनमध्ये होतं. आईची खोली दुपारी तीनला एसीने गार करून दार लोटून ठेवतो, रात्री मग कूलरवर भागतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यामुळे रात्रीची आयात रोज तीन-चार युनिटनी उतरली.

तारखेबद्दल एक पानाचा अर्ज तयार केला आहे. वीज नियामक आयोग हरकती आणि सूचना मागवतो तेव्हा तो देणार आहे. त्या अर्जाला बारा महिन्यांचा तक्ता जोडला आहे. ज्यांच्याकडे स्वतःचे बारा महिन्यांचे आकडे असतील त्यांनी ३१ मार्चची शिल्लक आणि एप्रिल ते जूनची तूट, एवढे दोनच आकडे काढून ठेवा. एका घराचा तक्ता बाजूला ठेवता येतो, पन्नास घरांचा येत नाही.

आजचं रीडिंग: आयात ९, निर्यात ६. दिवसभर ढग होते.