सेकंडहँड रोइंग मशीन, आठ महिन्यांनंतर: घेण्याआधी जाळीतली धूळ बघा

गेल्या रविवारी हँडल परत जाईना. म्हणजे ओढलं की साखळी बाहेर यायची, पण पुढे सरकताना ती सैल पडून लोंबायला लागली. सर्व्हिसवाल्याला बोलावलं, त्याने व्हिजिटचे ८०० रुपये आधी घेतले, फ्लायव्हील, म्हणजे आतलं पंख्याचं चाक, हाताने दोनचारदा फिरवून बघितलं आणि नवऱ्याला म्हणाला, "सर, बेअरिंग गेलंय, साडेचौदा हजार होतील." मशीन मी चालवते, फोन मी केला, प्रश्न मी विचारतेय आणि उत्तर नवऱ्याला. बरं, बेअरिंग गेलेलंच नव्हतं. हे मी छातीठोकपणे सांगते कारण त्याच संध्याकाळी मी मशीन स्वतः नीट केलं, एक रुपया न घालता. ते कसं केलं ते खाली सांगते, पण आधी मुख्य गोष्ट सांगायचीय, ती म्हणजे धूळ.

मशीन कॉन्सेप्ट टू मॉडेल डी, पीएम-थ्री मॉनिटरवालं. २०२१ पासून कंपनी ह्यालाच रोअर्ग (RowErg) म्हणते, त्यामुळे नव्याच्या किमती बघताना त्या नावाने शोधा. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहितीच असतात, ते लिहीत नाही. मी बाणेरच्या एका मुलाकडून घेतलं. त्याने ४७,००० सांगितले होते, पण स्क्रीन चालू होत नव्हता, त्यालाही वाटत होतं मॉनिटर गेलाय, म्हणून ४२,००० ला दिलं. येताना रस्त्यात टॉर्चचे दोन मोठे सेल घेतले, घरी येऊन घातले आणि मॉनिटर झटकन चालू झाला. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की बाकी काही तपासायचं सुचलंच नाही.

रोइंगच का, तर गुडघे. वय ४७, ट्रेडमिलवर पळालं की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखायचं. आणि कॉलेजात असताना पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर रेगाटा, म्हणजे नावांच्या शर्यती, बघायला जायचो, तेव्हापासून मनात होतं. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओला गेला, सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने नाव वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आला, आणि त्याने वल्हं हातात घेतलं तेच मुळी लष्करात भरती झाल्यावर. तेव्हा म्हटलं, आपल्याला कुठे ऑलिंपिकला जायचंय, घरातल्या घरात तर वल्हवू.

पहिला दीड महिना मात्र वाईट गेला. कंबर धरायची. बसायला सीट टोचायची. विकणाऱ्या मुलाने सांगितलं होतं की बाजूचा दांडा, म्हणजे डँपर, १० वर ठेवा, जास्त व्यायाम होतो. तसा ठेवला तरी काही जोरच लागत नव्हता, हँडल हवेत ओढल्यासारखं सुर्रकन यायचं, म्हणून मी आणखी भराभर ओढायची, मिनिटाला ३२-३४ स्ट्रोक, पाच मिनिटांत धाप. तेव्हा मैत्रिणीला मेसेज केला होता की पैसे पाण्यात गेले, हे जड माणसांचं मशीन आहे, आपलं काम नाही. तो मेसेज मी आता मागे घेते.

मग एकदा मॉनिटरच्या मोअर ऑप्शन्समध्ये डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर असं दिसलं, म्हणजे हवा चाकाला किती अडवतेय त्याचा आकडा. ते लावून ओढलं. डँपर १० वर असताना आकडा आला १०४. म्हटलं असेल. मग वाचल्यावर कळलं की स्वच्छ मशीनला १० वर दोनशेच्या आसपास यायला हवा! म्हणजे माझं मशीन सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवूनही स्वच्छ मशीनच्या चारइतकंसुद्धा भरत नव्हतं.

कारण सोपं आहे. ह्या मशीनमध्ये जोर येतो तो पंख्यातून. फ्लायव्हील हवा आत खेचतं आणि कडेच्या बारीक भोकांच्या जाळीतून बाहेर फेकतं. डँपर फक्त आत किती हवा जाऊ द्यायची ते ठरवतो, सायकलच्या गिअरसारखं. जाळी बुजली की हवा खेळतच नाही, चाक स्वतःबरोबर तीच हवा घेऊन फिरत राहतं, आणि ओढणाऱ्याला हलकं लागतं. त्या मुलाच्या बिल्डिंगशेजारी बांधकाम चालू होतं आणि मशीन वर्षानुवर्षं गॅलरीत. टॉर्च मारून जाळीतून बघितलं तर आत राखाडी गोधडीच होती.

फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, बाहेरचं कव्हर काढलं, व्हॅक्यूम क्लिनरची नळी लावली, कोपऱ्यांना जुना टूथब्रश. निघालेली धूळ वाटीभर होती, मऊ, केसांच्या गुंत्यासारखी, सासूबाई म्हणाल्या उशीचा कापूस फुटलाय का. परत बसवलं, ओढलं, १० वर १९८! आणि चारवर ११२. माझ्या उंचीला आणि ताकदीला तो चारच बरोबर आहे, दहावर मी आता कधीच जात नाही.

इथून सगळं बदललं. पायाला काहीतरी धरायला मिळालं, त्यामुळे घाई करायची गरजच उरली नाही. आधी पाय, मग पाठ, मग हात, आणि परत जाताना आधी हात, मग पाठ, मग गुडघे. हा क्रम मी आधीही वाचला होता, पण हलक्या मशीनवर तो जमत नव्हता कारण पाय सरळ व्हायच्या आत हात येऊन पोचायचे आणि झटका कमरेला. आता मिनिटाला २०-२२ स्ट्रोक, ओढायला एक तर परत जायला दोन, असं मनात मोजते. कंबर तीन आठवड्यांत शांत झाली. सीटही टोचायची थांबली, कारण मी माकडहाडावर टेकून मागे कलंडत होते, आता बसायच्या हाडांवर पुढे झुकून बसते. म्हणजे सीटबद्दल जे बोलले तेही चुकीचंच होतं.

एक मात्र मानलं ह्या मॉनिटरला. धुळीने भरलेलं असतानाही त्याचे वॅट, म्हणजे मी किती ताकद लावतेय त्याचे आकडे, खोटे नव्हते. तुम्ही पुढे सरकत असता तेव्हा चाक किती झपाट्याने मंदावतंय ते तो प्रत्येक स्ट्रोकला मोजतो, तोच ड्रॅग फॅक्टर, आणि त्यावरून हिशोब करतो. म्हणून माझे सुरुवातीचे आकडे आजच्यांशी लावून बघता येतात. पहिल्या ५००० मीटरला २६:२० लागली होती, म्हणजे ५०० मीटरला २:३८, साधारण ८९ वॅट. परवा २३:१०, म्हणजे २:१९, आणि वॅट १३०. वेळ इतकासा कमी दिसतो पण वॅट वेगाच्या घनाने वाढतात, त्यामुळे एकेक सेकंद महाग पडतो हे नव्या लोकांनी लक्षात ठेवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात निराश व्हाल.

बाकी गोष्टी पटापट. आवाज आहे, पंख्याचा आहे, टीव्ही मोठा करावा लागतो. खालच्या काकूंची तक्रार आली होती ती धडधडीची, त्यावर दुकानातली महागडी मॅट न घेता गोठ्यात घालतात ती जाड रबरी मॅट आणली, काम झालं. आठ फूट लांबी हॉलमध्ये नको वाटते, पण मधोमध दोन तुकडे होतात, अवजारं लागत नाहीत, मी एकटी करते. आणलं तेही असंच, गाडीची मागची सीट पाडून, टेम्पोचे पैसे वाचले.

साखळीला आधीच्या मालकाने खोबरेल लावलं होतं! चिकट, वास मारणारं. ते पुसून काढायला दोन दिवस गेले. साधं मिनरल मशीन ऑइल चमचाभर कागदावर घ्या आणि साखळीवरून फिरवा, साधारण ५० तासांनी एकदा, बस. सीट ज्या पट्टीवरून सरकते ती रोज ओल्या फडक्याने पुसा, काळे डाग राहिले की सीट गचके खाते.

आता हँडलचं. साखळी परत ओढणारी एक रबरी दोरी आत असते, वर्षानुवर्षं ताणून ती सैल पडते. फ्लायव्हील छान फिरत होतं, खरखर नव्हती, ड्रॅग नेहमीएवढाच होता, मग बेअरिंग कसं जाईल? दोरीच्या टोकाची गाठ सोडली, चारेक इंच ओढून घेतली, परत गाठ मारली. हँडल टणकन घरी. फार घट्ट केली तर ती लवकर मरते, म्हणून जितकी हवी तितकीच. हे त्या माणसाला माहीत नसेल तर वाईट, आणि माहीत असून साडेचौदा हजार सांगितले असतील तर त्याहून वाईट. ८०० परत मागितले, मिळाले नाहीत.

तेव्हा कुणी जुनं घ्यायला जात असाल तर खिशात दोन मोठे सेल आणि मोबाइलचा टॉर्च न्या. सेल घाला, डँपर १० वर करा, पाचसहा स्ट्रोक ओढा, ड्रॅग फॅक्टर बघा. शंभरच्या आसपास आला तर घाबरून परत येऊ नका, जाळीत टॉर्च मारा, धूळ दिसली तर किंमत पाडून घ्या आणि घरी आणून साफ करा. साखळीला गंज असेल किंवा चाकातून खरखर येत असेल तर मात्र सोडून द्या.

मी आता दर महिन्याच्या एक तारखेला डँपर दहावर नेऊन आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. ह्या महिन्यात १९१ आलाय, म्हणजे पुण्याची धूळ परत आत गेलीय, येत्या शनिवारी कव्हर उघडणार. नवी दोरी मागवलीये, ती आली की त्याच दिवशी बसवेन.