मंत्र मोजक्यांना की सगळ्यांना?

नागपुरात पारा 45 च्या वर गेला की मला गोष्टींसाठी कल्पित जगं सुचतात.

समजा, जादू मोजक्यांनाच येते. राजमांत्रिक महाल भागातला भोसल्यांचा वाडा गार करेल. बाकीचे नागपूरकर वाळ्याच्या ताट्यांवर पाणीच मारतील. पण पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं, हे त्यांच्यातच कुणाला तरी उमगेल आणि कूलर जन्मेल. अडलेला माणूसच खटपट करतो ना!

गारव्याचा मंत्र पोराटोरांनाही येत असेल, तर? कूलर नाही. सगळीच कामं मंत्रानं झाली, तर कोळसाही कोण खणणार? 1877 मध्ये इथं सुरू झालेली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी त्या जगात दिसत नाही. मंत्रांच्या ट्यूशन मात्र गल्लोगल्ली!

मी पहिलं जग घेतलं. सध्या मांत्रिक आणि कूलरवाल्याचं भांडण लिहितोय.