ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल बदललं: पुण्यातल्या वापरानंतरचा अनुभव

गाडी 2018 ची डिझेल क्रेटा, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे देणाऱ्या जुन्या पद्धतीची. वापर बहुतेक शहरातलाच. सिंहगड रोडवरून हिंजवडी आणि परत, मध्ये कधीतरी साताऱ्याला गावी. सत्तर हजार किलोमीटर झाल्यावर गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, बदलून घेतलं. त्यानंतर अख्खा पावसाळा आणि दिवाळीची गर्दी गाडीने काढली, म्हणून आता लिहितोय.

माझं मत स्पष्ट आहे. पुण्यात रोज चालणारी ऑटोमॅटिक असेल तर साठ-सत्तर हजाराला हे ऑइल बदलून घ्या, लाखाची वाट बघू नका.

सर्व्हिसला गाडी टाकताना "लाइफटाइम ऑइल आहे साहेब, त्याला हात लावायचा नसतो," असं मला सांगितलं गेलं. घरी येऊन मॅन्युअल नीट वाचलं. ह्युंदाईच्या मॅन्युअलमध्ये देखभालीचे दोन तक्ते असतात, एक नेहमीच्या वापराचा आणि दुसरा खडतर वापराचा. खडतर वापर कशाला म्हणायचं त्याची यादीही दिलेली असते: सारखं कमी अंतर चालवणं, इंजिन बराच वेळ नुसतं चालू ठेवणं, घाटरस्ते, आणि 32 अंशांच्या वर तापमान असताना गर्दीतून गाडी चालवणं. आता मला सांगा, एप्रिलमध्ये संध्याकाळी भूमकर चौकात अडकलेली गाडी यातल्या कशात बसत नाही? आपल्याकडच्या बहुतेक गाड्या दुसऱ्या तक्त्यातल्या आहेत आणि आपण भरवसा ठेवतो पहिल्या तक्त्यावर. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनीसुद्धा आपल्या ऑटोमॅटिकसाठी 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा फार तर 8 वर्षं असंच सांगते, आणि वापर खडतर असेल तर त्याहून लवकर.

इंजिन ऑइलपेक्षा या ऑइलवर कामाचा बोजा जास्त आहे. ते वंगण तर करतंच, शिवाय त्याच्याच दाबावर आतले क्लच बसतात, आणि गिअरबॉक्सची उष्णताही तेच वाहून नेतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद पुढे जाते तीही या ऑइलमधूनच. हायवेला एका वेगात चाललं की लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, बसतो आणि ऑइल घुसळलं जाणं जवळजवळ थांबतं. गर्दीत मात्र लॉकअप बसायला संधीच मिळत नाही. गाडी दोन फूट पुढे, ब्रेक, परत दोन फूट पुढे, आणि या सगळ्या घुसळणीची उष्णता ऑइलमध्ये. त्यात समोरून वारा नाही. म्हणून तेवढ्याच किलोमीटरला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर पळलेल्या गाडीचं ऑइल चांगलं निघतं आणि हिंजवडीवाल्याचं काळवंडलेलं.

माझ्या गाडीत दिसलेली लक्षणं अशी. गाडी तापली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हलका धक्का. पार्किंगमध्ये डी मधून आर टाकल्यावर क्षणभर काहीच नाही, मग एकदम पकड. आणि साधारण पन्नास-साठच्या वेगाला, पाय हलका ठेवला की बारीक थरथर, रस्त्यावर रंबलर असावेत तशी.

काम करून घेताना मी शेजारी उभा होतो आणि तसं उभं राहाच. आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो का ते बघायचं, मगच खालचा ड्रेन खोलायचा. तो वरचा जाम निघाला आणि गिअरबॉक्स रिकामा झालेला असला तर गाडी तिथेच अडकते. निघालेलं ऑइल गडद तपकिरी होतं, पण जळका वास नव्हता. शेजारी नव्या एसपी-4 चा (या गाडीला लागणारं एटीएफचं ग्रेड) लालसर रंग धरून पाहिला तेव्हा फरक कोणालाही सांगावा लागला नाही. काही गाड्यांना खाली सुटणारं पॅन असतं आणि त्यात चुंबक. त्यावर मऊ करडा लेप आला तर तो नेहमीचा. बोटाला टोचणारे कण लागले तर मात्र गिअरबॉक्स तपासून घ्यावा.

लेव्हल हा यातला सगळ्यात नाजूक भाग. डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवायचे, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत राहायचं, आणि कंपनीने दिलेल्या तापमानाला लेव्हलचा बोल्ट खोलायचा. आधी धार येते, मग ती बारीक होत थेंबांवर येते, तेव्हा बोल्ट लावायचा. ऑइल जास्त तापल्यावर खोललं तर ते फुगलेलं असतं, जास्त बाहेर जातं आणि भरणा कमी पडतो. आमच्या मिस्त्रींनी त्यासाठी गाडी सपाट जागेवर आणली, तेव्हाच मला त्यांच्यावर विश्वास बसला.

ड्रेन केल्यावर साधारण निम्मंच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही हजार किलोमीटरनंतर मी परत एकदा ड्रेन करून भरलं. मशिनने फ्लश करायचं, म्हणजे दाबाने सगळं जुनं ऑइल एकदम बाहेर काढायचं, ते मात्र टाळलं. जुन्या गिअरबॉक्सला मला ही सावकाश पद्धत जास्त पटते.

पहिल्या बदलानंतरच आर पटकन पडायला लागला. थरथर दुसऱ्या बदलानंतर गेली. खंबाटकी चढताना गाडी पूर्वी दोन गिअरमध्ये चाचपडायची, ते जवळपास थांबलंय. नवले पुलाच्या उतारावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घेतला तर तो लगेच आणि गुळगुळीत पडतो. हे मला सुरक्षेच्या दृष्टीने फार मोलाचं वाटतं. मायलेजमध्ये काही फरक नाही. सकाळी थंड गाडीला पहिल्या-दुसऱ्यात थोडा झटका अजूनही आहे.

एवढं मात्र बघा, की हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरबद्दल आहे. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स, त्याचं ऑइल वेगळं. सीव्हीटीला (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) त्याचंच खास ऑइल लागतं, त्यात साधं एटीएफ चुकूनही घालू देऊ नका. नाना पेठेतून डबा आणणार असाल तर मॅन्युअलमधलं ग्रेड कागदावर लिहून न्या, आणि सील स्वतः तपासा. आरपीएम चढतोय पण गाडी पुढे ओढत नाही अशी अवस्था असेल तर आधी स्कॅन करून घ्या. क्लच झिजलेले असतील तर नवं ऑइल घालून ते बरे होत नाहीत.