नऊ ओळींची छापील वही की चौदा रेघांची साधी वही?

ख्रिस्तासारखा स्वभाव अंगी यावा म्हणून वापरतात त्या आत्मपरीक्षणाच्या वह्यांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक छापील. पानाच्या डाव्या कडेला बायबलमधल्या गलतीकरांस पत्र 5:22-23 मध्ये पवित्र आत्म्याचे फळ म्हणून दिलेले नऊ शब्द: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. वर सात वार, आणि रोज रात्री प्रत्येक चौकटीत पाचपैकी गुण. दुसरी वही कोरी घ्यायची आणि आपणच आखायची. तिची पद्धत जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातली, 1548 साली पोपच्या मान्यतेने छापले गेलेल्या. दिसायला पहिली देखणी, पण कामाला दुसरीच येते.

छापील वहीत आठवड्याला 63 चौकटी भराव्या लागतात. पहिल्या आठवड्यात त्या मनापासून भरल्या जातात, तिसऱ्यात सगळीकडे तीन-चार पडू लागतात. पण कंटाळा हा तिचा मुख्य दोष नाही. ज्या दिवशी कोणी डिवचलेच नाही, त्या दिवशी सहनशीलतेला पाचपैकी पाच मिळतात. म्हणजे तो आकडा दिवस कसा गेला ते सांगतो, माणूस कसा आहे ते नाही. शिवाय हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने देहाची ‘कर्मे’ अनेकवचनात लिहिली आणि आत्म्याचे ‘फळ’ एकवचनात. सौम्यता पाच आणि प्रीती दोन असे वेगवेगळे गुण द्यायला ती नऊ खाती नाहीत. प्रीती आटली की सौम्यतेचा नुसता शिष्टाचार उरतो, आणि चौकटीला तो फरक कळत नाही.

गुणांच्या बेरजेतला धोका लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातल्या परूश्यात, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी माणसात, दिसतो. आठवड्यातून दोनदा उपास, सर्व उत्पन्नाचा दशांश: त्याचा हिशोब चोख होता, आणि त्या हिशोबासकट तो नीतिमान न ठरता घरी गेला. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘सलग 40 दिवस’ अशी शाबासकी मिळते तेव्हा हाच धोका दुप्पट होतो. तिथे गौरव ॲप उघडण्याचा होतो, क्षमा मागण्याचा नव्हे.

तरी छापील वही टाकून देऊ नये. तीन महिन्यांतून एकदा तिचे एक पान आपल्यासोबत राहणाऱ्या माणसाला भरायला द्यावे. ज्या शब्दापुढे त्याचा हात अडतो, त्या शब्दावर पुढचे काम करायचे. तिचा एवढा उपयोग खरा आहे.

आता साधी वही. एक पान म्हणजे एक आठवडा. रोजच्या दोन रेघा, वरची दुपारसाठी, खालची रात्रीसाठी, अशा चौदा. मूळ आखणीत पहिल्या दिवसाची जोडी सर्वांत लांब आणि पुढच्या उतरत्या आहेत, कारण चुका कमी होत जाव्यात ही अपेक्षा. पानाच्या माथ्यावर एकच दोष लिहायचा. सकाळी उठताच त्याविषयी सावध राहण्याचा निश्चय करून देवाकडे कृपा मागायची. याला मिनिटभर पुरते. दुपारच्या जेवणानंतर उठल्यापासूनचा एकेक तास आठवायचा आणि जितक्यांदा घसरलो तितके ठिपके वरच्या रेघेवर द्यायचे. रात्री जेवणानंतर तसेच खालच्या रेघेवर. दुपारी पाच मिनिटे, रात्री दहा. मग दुपारशी रात्र, कालशी आज आणि मागच्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहायचा.

या पद्धतीतली सर्वांत मोलाची सूचना वहीबाहेरची आहे. चूक घडताच त्याच क्षणी हात छातीवर ठेवून मनात दुःख व्यक्त करायचे. चारचौघांतही हे कोणाच्या लक्षात येत नाही. हा टप्पा गाळणाऱ्यांची वही रात्रीच्या आठवणीवर चालते, आणि रात्री माणसाला स्वतःचे मोठे अपराध आठवतात, बारीक ओरखडे नाही. स्वभाव तर बारीक ओरखड्यांतच दिसतो.

दोष निवडताना बहुतेक जण चुकतात. ‘राग’ किंवा ‘गर्व’ लिहिले तर ठिपका नेमका कधी द्यायचा हे कळत नाही. दोष डोळ्यांना किंवा कानांना कळेल असा हवा: समोरच्याचे वाक्य तोडणे, गैरहजर माणसाचा दोष सांगणे, मुलांना उत्तर देताना फोनवरून नजर न उचलणे, झालेला उशीर दुसऱ्याच्या माथी मारणे. सहनशीलतेसाठीचा मूळ ग्रीक शब्द मॅक्रोथुमिया राग लांबवण्याचा आहे, म्हणून ‘दुखावणारा निरोप वाचून तासाभराच्या आत उत्तर देणे’ हाही मोजता येणारा दोष झाला. इफिसकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात जुना मनुष्य, म्हणजे जुना स्वभाव, काढून टाकण्याबरोबरच नवा धारण करायला सांगितले आहे. चोराने चोरी थांबवावी एवढेच नव्हे, तर गरजवंताला द्यायला जवळ काही असावे म्हणून श्रम करावेत. तेव्हा दोषाखाली त्याची उलट कृतीही लिहावी. वाक्य तोडत असाल तर समोरच्याचे बोलणे संपल्यावर आधी त्याचाच मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा. उलट कृती न लिहिलेल्या वहीतून फार तर गप्प बसणे साधते.

पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. पुष्कळ जण तिथेच वही बंद करतात. चुका वाढलेल्या नसतात, त्या दिसू लागलेल्या असतात. एक दोष किमान चार आठवडे बदलू नये. राहून गेलेला दिवस नंतर आठवून भरू नये, रेघ कोरी सोडावी. ठिपके एकदम शून्यावर आले तर आनंदाच्या आधी तपासावे: सवय सुटली, की त्या माणसाला टाळणे सुरू झाले?

या मूळ आखणीत एक उणीव जाणवते, आणि ती घरीच भरून काढता येते. उजवीकडे बोटभर समास सोडून त्यात ‘भरपाई’ लिहावे. मत्तयकृत शुभवर्तमान 5:23-24 मध्ये वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. ज्या ठिपक्याने कोणी दुखावले, त्यापुढे समासात क्षमा मागितल्याची खूण यायला हवी, शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत. ठिपके भरपूर आणि समास कोरा असेल तर ती वही पश्चात्तापाची नव्हे, निव्वळ नोंदीची आहे.

आणि रात्रीची सुरुवात ठिपक्यांनी करू नये. इग्नेशियस यांच्या सर्वसाधारण आत्मपरीक्षणाचा क्रम असा आहे: आधी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार, मग पाप ओळखण्यासाठी कृपेची मागणी, मग दिवसाचा झाडा, मग क्षमा, शेवटी सुधारण्याचा निश्चय आणि प्रभूची प्रार्थना. उपकारस्तुती गाळली की बाकीच्या चार पायऱ्या स्वतःच्या बळावर चढाव्या लागतात, आणि फळ तर आत्म्याचे आहे.

एकट्याने वही चालवताना माणूस स्वतःची समजूत फार सहज घालतो. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी 1738 साली छोट्या गटांसाठी केलेल्या नियमांत आठवड्यातून एकदा भेटून एकमेकांना विचारायचे प्रश्न आहेत: मागच्या भेटीनंतर कोणते पाप घडले, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली. दर आठवड्याला एका विश्वासू सोबत्याला फक्त तीन गोष्टी सांगाव्यात: दोष, एकूण ठिपके, राहिलेली भरपाई. अर्धा तास पुरतो.

ही वही सर्वांसाठी नाही. बारीकसारीक गोष्टींतही पाप दिसून ज्यांचे मन सतत कुरतडते, त्यांनी ठिपके मोजू नयेत. त्यांनी रात्री उपकारस्तुती करून थांबावे आणि पाळकांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे. घरात मारहाण सोसणाऱ्याच्या हाती ‘सहनशीलता’ लिहिलेले पान देणे हा तर अन्याय आहे. त्याला आधी सुरक्षितता आणि मदत हवी.

वहीत दुसऱ्याचे नाव लिहू नये, आद्याक्षरही नको. महिना संपला की आठवड्यांच्या बेरजा शेवटच्या पानावर उतरवून घ्याव्यात आणि ठिपक्यांची पाने फाडून टाकावीत.