टाकीवरचा भोंगा, किलोवरचे टॉवेल आणि बत्तीस वॅटचा पंखा

घरात आलेल्या प्रत्येक वस्तूची तारीख आणि किंमत मी गेल्या पाडव्यापासून एका वहीत लिहितोय. नोकरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायची, त्यामुळे घरी आल्यावरही हात गप्प बसत नाही असं बायको म्हणते. खरं कारण गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा आहे. संक्रांतीच्या यात्रेत होम मैदानावर एक पोरगा काकडी, गाजर, कांदा असं काही झरझर पाडत होता की मी २५० रुपये देऊन तो कापायचा संच घेऊन आलो, वर सोलाणं फुकट. घरी काकडी मध्येच अडकली, कांद्याचा चिखल झाला आणि चौथ्या दिवशी पातं खुळखुळायला लागलं. आता त्या डब्यात रबरबँड असतात. त्या पोराच्या हाताला जे जमत होतं ते त्याने विकायला ठेवलेलंच नव्हतं. तेव्हा ठरवलं की घेतल्या दिवशी कशाचंही कौतुक करायचं नाही, सहा महिने जाऊ द्यायचे.

त्या वहीतल्या, सहा महिने ओलांडलेल्या आणि पैसे वसूल वाटलेल्या या वस्तू.

सगळ्यात महाग पंखा. बीएलडीसीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, २,८५० रुपये, वर बसवायचे दोनशे. जुना पंखा चालू होता, त्यामुळे आईचा विरोध होता. 'फिरतोय की तो!' फिरत होताच, पण एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा ४२-४३ पर्यंत चढतो, आणि संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की आमच्या लाइनीत व्होल्टेज पडतं. जुना पंखा मग असा फिरायचा की पाती मोजून घ्यावीत. नव्याला व्होल्टेजचं काही वाटत नाही, त्याच वेगाने फिरत राहतो. वीज वाचेल म्हणून घेतला आणि खरा उपयोग हा निघाला.

वीजही वाचते, पण जाहिरातीत सांगतात तितक्या थाटात नाही. जुना पंखा साधारण ७५ वॅट खायचा, हा पूर्ण वेगात ३२. दिवसाला सोळा तास धरले तर महिन्याला वीस-एकवीस युनिटं. आमचं एप्रिलचं बिल आदल्या वर्षी २१४ युनिटं होतं, या वर्षी १९१. सगळे आकार धरून वरच्या टप्प्यातली युनिटं आम्हाला अकरा-बारा रुपयांना पडली, म्हणजे भर उन्हाळ्यात महिन्याला सव्वादोनशे-अडीचशे. पावसाळ्यात त्याहून कमी, थंडीत जवळपास काहीच नाही. पैसे अजून फिटलेले नाहीत, फिटायला आणखी एक-दोन उन्हाळे लागतील. 'वर्षात फुकट' म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका.

एकदा पाती पुसायला स्टुलावर चढलो होतो. तासन्‌तास चाललेल्या जुन्या पंख्याच्या मधल्या वाटीला हात लावला तर चटका बसायचा, ही वाटी जेमतेम कोमट. आतल्या फिरत्या भागात चुंबकच बसवलेली असतात, त्यामुळे वीज तापण्यात वाया जात नाही, असं बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं होतं. ते त्या दिवशी हाताला पटलं.

दोन गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं. जुना रेग्युलेटर काढून तारा थेट जोडाव्या लागतात. तो तसाच ठेवला तर पंखा गुणगुणतो आणि आतलं सर्किट खराब होऊ शकतं. आणि सगळा कारभार रिमोटवर असतो. माझा रिमोट मी कूलरवर ठेवला, त्यात पाणी गेलं आणि पाचव्या महिन्यात तो गेला. दोष माझाच, पण नवा मिळेपर्यंत सहा दिवस पंखा एकाच वेगात, वेग बदलायला काही साधनच नाही. जुना पंखा बिघडला की साठ-सत्तर रुपयांचा कपॅसिटर टाकून जागा व्हायचा. याचं सर्किट गेलं तर तसं भागणार नाही, हे मनात धरूनच घ्या. वीजबचतीचे स्टार मात्र पाहून घ्या. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ते बंधनकारक आहेत.

आता टॉवेल. टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्याने टॉवेलची स्तुती करायची म्हणजे आईने मुलाची करण्यासारखं, तेव्हा आमचा माल बाजूला ठेवतो. हे सहा टॉवेल मी दुसरीकडून किलोवर घेतले, सेकंडचा माल. किलोला चारशेच्या आसपास, तीन किलोत सहा नग, म्हणजे एक दोनशेला. सेकंड म्हणजे फाटका नव्हे. कुठे किनार वाकडी शिवलेली, कुठे रंगाची छटा चुकलेली, कुठे एखादा फंदा, म्हणजे टॉवेलवरचं सुताचं वेटोळं, बाहेर ओढला गेलेला. अंग पुसताना किनारीकडे कोण बघतं?

टॉवेल हाताने चोळून घेऊ नका, वजन करून घ्या. दुकानात हाताला जो मऊपणा लागतो तो बऱ्याचदा फिनिशिंगच्या रसायनाचा असतो आणि दोन धुण्यांत उतरतो. उतरेपर्यंत तो टॉवेल पाणीही धड ओढत नाही, थेंब वरच गोल बसून राहतो. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे साधारण १.१ चौरस मीटर. साडेचारशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅमचा असेल तर तो पाचशे ग्रॅमच्या आसपास भरलाच पाहिजे. साडेतीनशे ग्रॅम भरला तर वर लेबल काहीही असो, फंदे विरळ आहेत. किराणावाल्याच्या काट्यावर टाकला तरी कळतं. मी टाकला होता, त्याने शेंगदाणे बाजूला सारून ठेवून घेतला.

आतापर्यंत फंदे दोन-तीनदा निघाले. निघालेला फंदा ओढू नका, कात्रीने कापा. टॉवेलचे फंदे गाठ मारून बसवलेले नसतात, ओढला तर ओळीने उसवत जातो. आणि आमच्याकडे बोअरच्या पाण्याने धुतलेला टॉवेल उन्हात वाळला की पापडासारखा होतो. तो टॉवेलचा दोष नाही, पाण्यातल्या क्षारांचा आहे. पिळल्यावर चार-पाचदा जोरात झटकायचा आणि सावलीत टाकायचा. बायकोला हे सांगितल्यापासून झटकायचं काम माझ्याकडे आलंय.

चादर मात्र गावचीच घेतली. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरून आलेला हलका माल त्याच नावाने इथल्याच बाजारात मिळतो, हे कारखान्यात बसून रोज ऐकतो. खरी, जॅकार्ड मागावर नक्षी विणलेली चादर दोन्ही बाजूंनी अंगावर घेता येते. वर तांबड्यावर पांढरा मोर असेल तर उलट्या बाजूला पांढऱ्यावर तांबडा. टोकाचा एक धागा ओढून काडी लावली तर सुताचा कागदासारखा जळतो आणि राख बोटात भुरभुरते. पॉलिस्टर असलं की वितळून गोळी होते. शेजारच्या अक्का तेलुगू आहेत, विड्या वळतात. त्यांच्याकडची चादर त्यांच्या लग्नातली, कडेला झिजलीय पण मोर अजून ओळखू येतो. मी ६५० ला एक अशा दोन घेतल्या. मे महिन्यात गच्चीवर खाली अंथरायला, थंडीत अंगावर. तक्रार एकच, ती धुवायची म्हटलं की पाणी पिते. एका चादरीला चार बादल्या. म्हणून चादर नेहमी नळाला पाणी येतं त्या दिवशीच धुतली जाते.

तव्याचं थोडक्यात. मंगळवार बाजारातून लोखंडी तवा घेतला, ३५० रुपये, जाड बुडाचा. नॉनस्टिकवर ज्वारीची भाकरी करायचा प्रयोग आम्ही दोन वर्षं केला. भाकरीला तवा सणसणीत तापवावा लागतो आणि त्या आचेला लेप टिकत नाही. लोखंडी तवा आधी दोन दिवस तेल-मीठ लावून तापवला, मग आईने पहिल्या तीन भाकऱ्या दारच्या गाईला घातल्या. चौथीपासून पापुद्रा सुटायला लागला. कडक भाकरीसुद्धा यावरच. याच्याबद्दल तक्रार नाही, वजन सोडून.

आणि वहीतली सगळ्यात स्वस्त वस्तू, १६० रुपयांचा टाकीचा भोंगा.

सोलापूरबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, आमच्याकडे उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही. काही दिवसांनी पाळी, आणि सुटायची वेळ कधी पहाटेची, कधी रात्री दोनची. पाणी हौदात पडतं, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत. मोटर लावून जरा आडवं व्हायचं आणि जाग यायची ती भिंतीवरून वाहणाऱ्या पाण्याच्या आवाजाने. अर्ध्या एचपीची मोटर पंधरा मिनिटांत तीन-चारशे लिटर सहज ओतते. पुढच्या गल्लीत टँकरची वाट बघत घागरी रांगेला लागलेल्या आणि आपलं पाणी गटारात जातंय, हे बघताना चोरी पकडली गेल्यासारखं होतं.

भोंगा म्हणजे एक छोटी डबी, प्लगला लावायची. तिच्यातून निघालेली वायर गच्चीवर टाकीत सोडायची. टोकाला दोन उघड्या तारा. पाणी दोन्हींना टेकलं की सर्किट पुरं होतं आणि डबीतून एक बाई हिंदीत, लग्नाच्या हॉलमधल्या निवेदिकेसारख्या आवाजात सांगते की टंकी भरली आहे, मोटर बंद करा. पहिल्या रात्री आई देवघरातून बाहेर आली, कोण बोललं म्हणून.

आठ महिन्यांत दोनदा दगा दिला. मृगाच्या पहिल्या पावसात झाकणाच्या फटीतून पाणी वायरच्या जोडावर पडलं आणि रात्री अडीचला बाईंनी घोषणा सुरू केली. खालून घरमालक ओरडले, 'काय आरडालंय बे तुमच्यात?' जोडावर टेप गुंडाळून वरून प्लास्टिकची पिशवी बांधली, ते थांबलं. दुसऱ्या वेळी ऑगस्टमध्ये टाकी वाहून गेली आणि भोंगा गप्प. वायर ओढून बघितली तर तारांची टोकं हिरवट काळी झालेली आणि त्यावर खडूसारखा पांढरा थर. बोअरचं पाणी मिसळतं त्याचा हा प्रसाद. लिंबाने घासून साफ केली, मग दोन्ही टोकांना स्टीलचे स्क्रू बांधले. तेव्हापासून महिन्याला एकदा स्क्रू पुसतो आणि बाई न चुकता बोलतात.

१६० रुपये आणि आठ महिने, वहीत भागाकार केला तर दिवसाला सत्तर पैशांच्या आत. पण वहीत जे लिहिता येत नाही ते असं की पाण्याच्या रात्री आता घरातलं एक माणूस जास्त झोपतं. आधी बायको आणि मी आळीपाळीने जिना चढून टाकीत टॉर्च मारायचो.

अक्कांनी हे दोन-तीन महिने ऐकलं आणि दिवाळीत म्हणाल्या, 'मला पण तसलीच बाई आणून द्या.' आणून दिली, बसवूनही दिली, स्टीलच्या स्क्रूसकट. कंपनी तीच, आवाज तोच, भिंत सामाईक. पाण्याच्या रात्री बाई बोलली की मी उठून जिना चढतो, आणि निम्म्या वेळा भरलेली टाकी अक्कांची असते.