आय-२० एन लाईन की अल्ट्रोझ रेसर? दोन्ही चालवून पाहिल्यावर

कागदावर पाहिलं तर ह्युंदाईची आय-२० एन लाईन आणि टाटाची अल्ट्रोझ रेसर या दोन गाड्यांत निवड करायला फारसं काही उरत नाही. दोघींची ताकद १२० पीएस. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, ह्युंदाईचा १७२ न्यूटन-मीटर, टाटाचा १७०. दोघींना तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दोघींना सहा गिअर, दोघींची लांबी चार मीटरच्या आत. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी कपातीआधी मॅन्युअलची एक्स-शोरूम किंमतही साडेनऊ ते सव्वाअकरा लाखांच्या पट्ट्यात होती. पण पाठोपाठ चालवल्या की लगेच जाणवतं, या दोघींचे स्वभाव पार वेगळे आहेत. म्हणून हा आढावा आकड्यांपेक्षा हातापायांना काय जाणवलं त्याचा जास्त आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण शोरूममध्ये ती कुणी आपणहून सांगत नाही. ह्युंदाईची ‘एन’ आणि ‘एन लाईन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपात विकली गेलेली आय-२० एन ही १.६ लिटर टर्बो आणि २०४ पीएसची खरीखुरी आडदांड गाडी होती. ती भारतात आलीच नाही. आपल्याला मिळते ती एन लाईन: २०२३ पर्यंत मिळणाऱ्या साध्या आय-२० टर्बोचंच इंजिन, पण सस्पेन्शन कडक केलेलं, स्टिअरिंग जड केलेलं, सायलेन्सरचा आवाज बदललेला. रेसरचा मार्ग उलटा आहे. जून २०२४ मध्ये टाटाने ती आणली तेव्हा मुख्य बदल इंजिनात केला. आधीच्या अल्ट्रोझ आय-टर्बोचे ११० पीएस, १४० न्यूटन-मीटर आणि पाच गिअर गेले, त्या जागी टाटाच्याच नेक्सॉनचं १२० पीएसचं इंजिन आणि सहा गिअरचा बॉक्स आला. थोडक्यात, एकीने इंजिन तेच ठेवून बाकीची गाडी घडवली, दुसरीने बाकीची गाडी बरीचशी तीच ठेवून इंजिन बदललं. पुढे जे काही लिहिलंय त्यातलं निम्मं याच फरकातून आलंय.

इंजिनं एवढी छोटी का, असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी: चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असेल तर सप्टेंबर २०२५ पर्यंत जीएसटी २८ टक्के आणि त्यावर सेस जेमतेम १ टक्का लागायचा. ती रेघ ओलांडली की सेस एकदम वाढायचा. त्यामुळे आय-२० चे ९९८ आणि रेसरचे ११९९ सीसी हे आकडे इंजिनिअरइतकेच करखात्यानेही ठरवलेले आहेत.

आता चालवण्याबद्दल. पुणे शहरातल्या रस्त्यांवर आणि पुढे पौड, मुळशी, ताम्हिणी घाट अशा दोन्ही फिरवल्या. रविवारी त्या रस्त्याला जाण्यात अर्थ नाही, धबधब्यांच्या गर्दीत कुठलीच गाडी कळत नाही. मधल्या वारी, सकाळी लवकर जावं.

रेसरमध्ये बसून निघालात की पहिले दहा मिनिटं थोडी निराशा होते. क्लचचा प्रवास लांब आहे आणि तो नेमका कुठे पकडतो याचा अंदाज यायला वेळ लागतो. दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिन सुस्त. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात आणि लगेच पाय दाबला तर गाडी क्षणभर विचारात पडते, मग एकदम पुढे झेपावते. त्या झेपेला जोर भरपूर आहे. ओव्हरटेकला तिसऱ्या गिअरमध्ये, सुई अडीच हजारांवर असताना रेसर जशी सुटते, तशी गंमत आय-२० मध्ये येत नाही. मात्र वरच्या टोकाला इंजिन खरखरतं. पाच हजारांच्या पुढे नेलं तर आवाज वाढतो, पण वेग त्या मानाने वाढत नाही.

एन लाईनचं इंजिन वागायला जास्त गुणी आहे. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे असेल किंवा ट्यूनिंगमुळे, खालून वर चढताना त्यात पायरी कमी जाणवते. अठराशेच्या आसपास जाग येते आणि तिथून सुई सरळ वर जाते. रेसरसारखा पाठीत धक्का बसत नाही म्हणून काहीजणांना ती हळू वाटते. ती हळू नाही, वेग चढताना कमी गाजावाजा करते इतकंच. सायलेन्सरचा आवाज मात्र कंपनीने मन लावून केलाय. गाडी सुरू करताना घुमतो, पाय सोडला की खाली घसरतो, आणि दिवसभर ऐकला तरी डोकं उठत नाही.

पण माझं मत जिथे पक्कं झालं ती जागा इंजिन नव्हे, गिअर आणि स्टिअरिंग. ताम्हिणीच्या चढात एक वळण संपून दुसरं सुरू होताना दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि लगेच परत दुसऱ्यात यावं लागतं. एन लाईनमध्ये हे काम मनगटाने होतं. गिअरचा दांडा आखूड फिरतो, क्लच हलका, आणि गिअर पडला की हाताला कळतं. उतारावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना अॅक्सिलरेटरला हलकासा टिचका दिला की आरपीएम नेमके जुळतात आणि गाडी तसूभरही हिसका देत नाही. ही गोष्ट जमली की माणूस विनाकारण गिअर बदलत बसतो, आणि अशी गाडी घेण्याचं खरं कारण हेच असतं. रेसरचा बॉक्स टाटाच्या जुन्या गाड्यांपेक्षा बराच सुधारलाय, तरीही तिथे गिअर टाकावा लागतो, तो आपणहून पडत नाही. घाईत दुसऱ्यात आणताना दांडा किंचित अडतो. सवय होईल, पण सवय व्हावी लागेल.

लक्षात घ्या, ही सहा गिअरची मॅन्युअल एन लाईनला सप्टेंबर २०२३ च्या बदलात मिळाली. त्याआधीच्या, म्हणजे २०२१ पासूनच्या गाड्यांत क्लच पेडल नसलेला आयएमटी होता. जुन्या बाजारात एन लाईन बघत असाल तर वर जे कौतुक केलंय ते आयएमटीला लागू नाही. आधी पायाखाली तीन पेडल आहेत का ते बघा.

स्टिअरिंगचंही तसंच. एन लाईनचं वेगात छान जड होतं आणि वळणात चाकं कुठे रोखलीत ते हाताला समजतं. रेसरचं स्टिअरिंग वाईट अजिबात नाही. अल्ट्रोझचा मूळ सांगाडाच भक्कम आहे, वळणात ती चिकटून राहते आणि मध्येच खड्डा आला तरी रेघ सोडत नाही. हायवेवर शंभरच्या पुढेही ती निवांत बसलेली असते. फरक इतकाच की गाडी बरोबर जाते, पण हाताला बातमी कमी पोचते.

ब्रेकमध्ये आय-२० उजवी: चारही चाकांना डिस्क, तर रेसरला मागे ड्रम. रोजच्या वापरात हा फरक जाणवणार नाही. ताम्हिणीवरून माणगावकडे उतरताना, सतत ब्रेक मारत गेल्यावर, थोडा जाणवतो.

एवढं वाचून निकाल लागला असं वाटेल, पण आपले रस्ते अजून यायचेत. मुळशीच्या पुढे डांबर जिथे उखडलंय तिथे रेसर ज्या शांतपणे निघून जाते ते पाहून मान डोलवावी लागते. खड्ड्याचा आवाज येतो, दणका येत नाही. आय-२० मध्ये दणकाही येतो. तिचं कडक सस्पेन्शन गुळगुळीत रस्त्यावर जितकं सुखावतं तितकंच शहरातल्या पेव्हर ब्लॉकवर आणि अर्धवट बुजवलेल्या चरांवर टोचतं. पाठीचं दुखणं असेल, किंवा आई-वडील नेहमी मागे बसणार असतील, तर ही बाब गिअर-स्टिअरिंगच्या वर ठेवा. माझ्यासारख्या वेड्या माणसाचं मत त्यांच्या पाठीवर लादू नका.

घरच्यांच्या नजरेतून रेसर आणखी काही गुण मिळवते. तिचे दरवाजे नव्वद अंशात उघडतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत शिरायला याची फार मदत होते. डिकी ३४५ लिटरची, आय-२० ची ३११. वरच्या आर-३ मॉडेलमध्ये पुढच्या सीटला थंड हवा खेळते आणि ३६० अंशांचे कॅमेरे आहेत. आय-२० एन लाईनमध्ये या दोन्ही गोष्टी कुठल्याच मॉडेलमध्ये नाहीत. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावला गाडी चालवणाऱ्याला सीटमधली ती हवा चैन वाटणार नाही. आय-२० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५८० मिलिमीटर, रेसरचा २५०१, त्यामुळे मागे पाय पसरायला आय-२० मध्ये जागा जास्त. आतला फिनिश, बटणांचा दर्जा, स्क्रीनचा वेग यांतही ह्युंदाई पुढे. पेट्रोलची टाकी मात्र दोघींची ३७ लिटरचीच आहे, आणि या गाड्या ज्या पद्धतीने चालवाव्याशा वाटतात ते पाहता पंपावर वरचेवर जावं लागेल.

सुरक्षिततेबद्दल हातचं राखून न बोलता सांगतो. अल्ट्रोझला जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेचे मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. आय-२० ला २०२२ मध्ये तीन. दोन्ही चाचण्या दोन एअरबॅगच्या साध्या मॉडेलवरच्या होत्या, आणि आज या दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग सरसकट मिळतात. पण एअरबॅग वाढवल्याने सांगाडा बदलत नाही. ज्याला हा मुद्दा सर्वांत मोठा वाटतो, त्याने रेसरच घ्यावी. त्यावर मी वाद घालणार नाही.

पैशांचं गणित महाराष्ट्रात थोडं बारकाईने करावं लागतं. रेसरच्या किमती आर-१ ची ९.४९ लाख, आर-२ ची १०.४९ आणि आर-३ ची १०.९९ लाख अशा जाहीर झाल्या. २०२५ च्या जीएसटी कपातीआधी एन लाईन मॅन्युअलमध्ये एन-६ जवळपास ९.९९ लाखांना आणि एन-८ सव्वाअकराच्या आसपास होती. आपल्याकडे वैयक्तिक पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, दहा ते वीस लाखांत १२ टक्के. हा जास्तीचा दर फक्त वरच्या रकमेवर लागत नाही, पूर्ण किमतीवर लागतो. म्हणून त्या किमतींवर एन-६ चा टॅक्स साधारण १ लाख १० हजार, तर आर-३ चा १ लाख ३२ हजारांच्या घरात जायचा. शिवाय आय-२० चं इंजिन हजार सीसीच्या आत असल्याने नवीन गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा ६,५२१ रुपयांत होतो, रेसरला तोच १०,६४० रुपये. म्हणजे ‘टाटा स्वस्त, ह्युंदाई महाग’ हे समीकरण प्रत्येक जोडीला खरं नव्हतं. एन-६ आणि आर-३ शेजारी ठेवले तर ऑन-रोड किमतीत ह्युंदाई जवळजवळ सव्वा लाखाने खाली राहायची.

एन-६ मध्ये बोसचे स्पीकर नाहीत, स्क्रीनही लहान. पण इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन एन-८ चंच. चालवण्यासाठी गाडी घेणाऱ्याने एवढंच बघावं.

ऑटोमॅटिक हवी असेल तर प्रश्नच मिटतो. रेसर फक्त मॅन्युअल येते. एन लाईनमध्ये सात गिअरचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे. तो ड्राय क्लचचा आहे, म्हणजे क्लच गार ठेवायला तेल नाही आणि तो लवकर तापतो, त्यामुळे हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत इंचाइंचाने सरकवत राहण्यापेक्षा थोडी जागा मोकळी होऊ द्यावी, मग पुढे घ्यावी.

रेसरच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: नारायण कार्तिकेयनने कोईम्बतूरच्या ट्रॅकवर तिच्यातून नोंदवलेला हॅचबॅकचा विक्रम. विक्रम खरा आहे आणि अल्ट्रोझचा सांगाडा किती चांगला आहे याचं ते प्रमाणपत्रच आहे. पण फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या ड्रायव्हरच्या हातात गाडी काय करते, त्यावरून ती वरंधा घाटात तुमच्या हातात कशी वागेल हे कळत नाही.

मी कुठली घेईन? एन लाईन, एन-६, मॅन्युअल. पुण्याच्या आसपास राहणाऱ्या माझ्या पिढीने चाकणमध्ये बनलेली पोलो जीटी आणि रांजणगावात बनलेली १४५ पीएसची अबार्थ पुंटो जवळून पाहिलीय, हौसेने चालवलीय. पुंटो गेली, २०२२ मध्ये पोलोही बंद झाली, आणि त्या गाड्यांनी लावलेली सवय आज फक्त एन लाईनचा गिअर आणि स्टिअरिंग भागवतात. पिंपरीत बनणाऱ्या रेसरबद्दल मला मनापासून आपुलकी आहे, आणि घरात एकच गाडी असेल, तिच्यातून सगळे गावाला जाणार असतील, रस्ते खराब असतील, तर मी बिनदिक्कत तीच सुचवेन. गाडी तुमची एकट्याची असेल आणि रविवारी सकाळी विनाकारण घराबाहेर पडावंसं वाटणारे तुम्ही असाल, तर पेव्हर ब्लॉकवरचे दणके सोसा.

टेस्ट ड्राइव्हला जाताना फोनवर आधीच विचारून ठेवा की डेमो गाडी मॅन्युअल आहे ना. अनेक ठिकाणी एन लाईनची डीसीटीच उभी असते आणि ‘दोन्ही सारख्याच’ असं सांगून तीच हातात दिली जाते. शोरूमभोवतीची चक्कर मारून परत येऊ नका. एखादा चढ, एखादा खराब पट्टा आणि थोडा मोकळा हायवे मागून घ्या. घरातलं जे माणूस नेहमी मागे बसणार आहे त्यालाही सोबत न्या, आणि खराब पट्ट्यावर एकदा तुम्ही स्वतः मागे बसा.