बडोद्याहून मोरोक्को: टूर घ्या, पण गाडीतले तास आधी मोजा

दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत कुठल्याही टूरवाल्याकडे मोरोक्कोचा कागद मागितला, तर नऊ रात्रींचा जवळपास तोच कार्यक्रम हातात येतो: कासाब्लांका, शेफशाऊएन, फेस, मर्झूगाचं वाळवंट, वर्झाझात, मराकेश आणि परत कासाब्लांका. हे परीक्षण त्यातल्या शाकाहारी, सोबत महाराज (स्वयंपाकी) नेणाऱ्या ग्रुप टूरचं आहे. हॉटेलं बरी आहेत, गाडी चांगली आहे, ड्रायव्हर शिस्तीचे आहेत. गडबड आहे ती अंतरांच्या मांडणीत. कागदावर किलोमीटर छापतात, तास छापत नाहीत.

सुरुवात कासाब्लांकात. राजे हसन दुसरे यांच्या नावाची मशीद १९९३ साली पूर्ण झाली. मिनार सुमारे दोनशे मीटर उंच आहे आणि इमारतीचा काही भाग समुद्रावर आहे. मोरोक्कोत बिगरमुस्लिमांना बहुतेक मशिदींत आत सोडत नाहीत. इथे सोडतात, पण ठरलेल्या वेळच्या गाइडेड फेरीतच. शुक्रवारी फेऱ्या कमी असतात. तुमचा पहिला दिवस शुक्रवारी येत असेल तर तिकीट आधी काढलंय का हे विचारा, नाहीतर बाहेरून फोटो काढून निघावं लागतं. वाटेवरच्या राबात या राजधानीतला हसन टॉवर, म्हणजे अर्धवट राहिलेला जुना मिनार, अर्ध्या तासात होतो.

पुढचा शेफशाऊएनचा फेरा आमच्या मते काढून टाकावा. कासाब्लांकाहून तिथे पोचायला पाचेक तास, तिथून फेसला आणखी चार, आणि पदरात पडतात निळ्या भिंतींचे फोटो. त्याऐवजी राबात, मेकनेस, वोलुबिलिसचे रोमन अवशेष आणि फेस असा सरळ रस्ता धरला तर एक रात्र वाचते. वोलुबिलिसला जमिनीवरची मोझाइक चित्रं जागच्या जागी बघायला मिळतात. वाचलेली रात्र कुठे लावायची ते पुढे येतंच.

फेसचा जुना भाग, फेस एल-बाली, १९८१पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आत गाडी जात नाही, सामान हातगाडीवर येतं. रियाद म्हणजे मधोमध चौक असलेला जुना वाडा. त्यात लिफ्ट नसते आणि जिने अरुंद व उंच पायऱ्यांचे असतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालची खोली हवी हे बुकिंगच्या वेळी लेखी घ्या. गल्लीत मागून 'बालाक!' अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं, कारण मागून लादलेलं खेचर येत असतं आणि ते थांबत नाही. स्थानिक परवानाधारक गाइड इथे हवाच. बडोद्याहून आलेला टूर मॅनेजर ते काम करू शकत नाही. कारावियीन ही ८५९ साली स्थापन झालेली मशीद आणि विद्यापीठ, पण ती दारातूनच बघायची. बू इनानिया मदरशात मात्र तिकीट काढून आत जाता येतं. कोरीव देवदार, चुन्याची नक्षी आणि टाइलकाम एकाच चौकात आहे, तिथे निवांत वेळ मागा.

शुवारा चर्मशाळा चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवरून दिसते. आत शिरताना हातात पुदिन्याची डहाळी देतात, ती नाकाशी धरायची. वास येतो तो चुना आणि कबुतराच्या विष्ठेच्या हौदांचा. चुन्याने केस सुटतात, विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं, मग रंगाचे हौद. बघायला पैसे नाहीत, पण उतरताना दुकानातूनच यावं लागतं. इथेच टूरचा खरा दोष दिसतो. चामडं, मातीची भांडी, गालिचे, आर्गन तेल अशी दुकानं एकापाठोपाठ येतात आणि फेसमधला एकमेव पूर्ण दिवस त्यात वितळतो. गाइडला कमिशन मिळतं, हे उघड गुपित आहे. दोनच दुकानं, असं ग्रुपने सकाळीच सांगून टाकावं. आर्गन तेल घेणार असाल तर खायचं तेल भाजलेल्या बियांचं आणि अंगाला लावायचं न भाजलेल्या बियांचं, एवढं लक्षात ठेवा.

आता तो दिवस, ज्यावर सगळी टूर तरते किंवा बुडते. फेस ते मर्झूगा साडेचारशे किलोमीटरहून जास्त आहे. वाटेत इफ्रान, अझरूचं देवदारांचं जंगल (तिथल्या माकडांना काही खायला घालू नका), मिदेल्तला जेवण, मग झिझची दरी. थांबे धरून दहा तास सहज जातात. कागदावर 'नाश्त्यानंतर प्रस्थान' लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ग्रुप नऊला हलतो. हिवाळ्यात साधारण सहा-साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे ज्यासाठी एवढा प्रवास केला ती उंटावरची संध्याकाळ अंधारात जाते. उपाय दोनच: सातला निघायचं, नाहीतर शेफशाऊएनची वाचलेली रात्र मिदेल्तला घालायची. दुसरा उपाय बरा, कारण मर्झूगाच्या दुसऱ्या दिवशीही वर्झाझातपर्यंत मोठी मजल आहेच.

एर्ग शेब्बीच्या, म्हणजे मर्झूगाच्या वाळूच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत. उंट एका वशिंडाचा. तो उठताना आधी मागचे पाय उचलतो, तेव्हा मागे झुका, नाहीतर तोंडावर आपटाल. मग पुढचे पाय उचलले की पुढे या. उतरतानाही तो आधी पुढच्या गुडघ्यांवर बसतो, तेव्हा पुन्हा मागे. कंबर धरत असेल तर कॅम्पपर्यंत फोर बाय फोर जीप मागा. मोठी बॅग मागेच राहते, म्हणून एका रात्रीचे कपडे, औषधं आणि टॉर्च वेगळ्या पिशवीत भरा. फोन झिपच्या पिशवीत ठेवा, बारीक वाळू चार्जिंगच्या भोकात शिरते. तंबूला स्वतःचं संडास-बाथरूम आहे की सामायिक, हे 'लक्झरी' या शब्दावर सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या जवळ उतरतो. जून ते ऑगस्ट या भागात जाऊच नये.

तोद्राच्या घळीत दोन्ही बाजूंना सुमारे तीनशे मीटरचे कडे आहेत. आइत बेन हद्दू हे १९८७पासून युनेस्कोच्या यादीतलं मातीचं गाव आहे. वरच्या कोठारापर्यंत चढ आहे, पाणी बरोबर घ्या. मराकेशला जाताना तिझी न'तिश्का घाट २,२६० मीटरवर लागतो. वळणं संपता संपत नाहीत. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, पुढची सीट धरावी. बर्फ पडला की घाट बंद होऊ शकतो, म्हणून हिवाळ्यातल्या टूरला मराकेशमध्ये एक दिवस हाताशी हवा. मराकेशच्या जमा एल-फना चौकात साप किंवा माकड अंगावर टाकून पैसे मागतात, तेव्हा कॅमेरा खालीच ठेवा. माजोरेल बागेचं तिकीट ऑनलाइन आणि वेळ ठरवून काढावं लागतं. पॅकेजमध्ये ते नसतं.

जेवणाचं. महाराज मोठ्या हॉटेलांत वरण-भात, कढी-खिचडी व्यवस्थित घालतात. रियाद आणि वाळवंटातल्या कॅम्पमध्ये बाहेरच्या माणसाला स्वयंपाकघर मिळेलच असं नाही. तिथे तिथलंच खावं लागतं, आणि गोम अशी की भाजीच्या ताजिनमध्ये (मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) किंवा कुसकुसमध्ये (वाफवलेल्या रव्याच्या कण्या) मांसाचं पाणी असू शकतं. हरीरा सूपचंही तेच. 'ब्ला ल्हम' म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही, रश्श्याचंही वेगळं विचारायचं. झालूक डोळे मिटून मागवा: वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं आणि ऑलिव्ह तेल, आपल्या भरिताचा चुलतभाऊच. मर्झूगाजवळच्या रिसानी गावात मद्फूना ही भरलेली भाकरी भाज्यांची करून मिळते, पण आधी सांगावं लागतं.

दिरहम इथून नेण्याच्या भानगडीत पडू नका. युरो न्या आणि तिथे बदला. वाटेतल्या संडासांसाठी सुटी नाणी खिशात ठेवा. ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, त्याला अडॅप्टर लागेल.

पैसे भरताना पावतीवर टीसीएस, म्हणजे टूर कंपनी तुमच्याकडून आगाऊ गोळा करते तो आयकर, वेगळा दाखवायला सांगा आणि पॅन क्रमांक नीट तपासा. तो कर आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत दिसला तरच रिटर्न भरताना वळता करून घेता येतो.